जेवलीस का?

गोकाकच्या धबधब्यापाशी शिवलीलाचा आज्जा हरवला. ती चार फोटो काढायला थांबली काय, आणि चन्नाप्पा आज्जा गायब! म्हातारा कानानं ठार बहिरा, त्यात पाण्याचा असा गडगडाट की शेजारच्याचंही ऐकू येऊ नये. हाका मारून उपयोग काय? ती गर्दीतून वाट काढत धावत सुटली.

आज्जा सापडला तो कठड्यापाशी. एका अनोळखी तरुणासमोर हात नाचवत, बोळकं उघडून हसत! आणि तो तरुणही हातांनीच उत्तर देत होता.

शिवलीला जागच्या जागी थबकली. याच पाण्याच्या जोरावर एके काळी इथली सूतगिरणी चालायची. यंत्रांच्या गलक्यात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून आज्जा आणि त्याचे सोबती खुणांनी बोलायचे. आज्जीची ओळखही तिथलीच. पुढं वयानं आज्जाचे कान गेले, तरी दोघांच्या गप्पा हातांनी रंगायच्या. वर्षापूर्वी आज्जी गेली आणि आज्जाचे हात मांडीवर गप्प पडले. कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगी गावात, घरी सगळे त्याच्याशी ओरडून बोलत, नाहीतर बोलतच नसत. त्यानं पुन्हा एकदा बोलावं, एवढ्याचसाठी तिनं त्याला इथं आणलं होतं.

"आमच्या आज्जाला ऐकू येत न्हाय!" ती त्या तरुणाच्या कानाशी ओरडली.

"मला तरी कुठं येतंय हितं?" तोही तेवढ्याच जोरात ओरडला, आणि हसला.

तुषारांनी भिजलेले केस, मिश्कील डोळे... शिवलीलानं पटकन नजर पाण्याकडं वळवली.

राजवीर त्याचं नाव. कागलच्या एमआयडीसीत, फौंड्रीत कामाला. मित्रांबरोबर गाडीवरून आलेला. लांब झाडाखाली, जिथं आवाज जरा कमी होता, तिथं तिनं डबा सोडला आणि पावण्याच्या हातावरही भाकरी ठेवली.

"ह्या खुणा कुठं शिकलासा?"

"फौंड्रीत. मशिनी सुरू झाल्या की आमचंबी असंच. ह्यो चहा... आन् ह्यो सायब आला!" त्यानं पोट फुगवून दाखवलं.

आज्जानं लगेच मिशीला पीळ भरला — हा त्याच्या वेळचा मुकादम! तिघंही हसत सुटले.

मग आज्जानं बोटं जुळवून ओठांशी नेली आणि पंजा उताणा केला.

"जेवलीस का?" राजवीरनं ओळखलं. "आमच्याकडंबी हेच हाय की."

"आज्जीला यंत्रांच्या पल्याडनं रोज एवढंच इचारायचा," शिवलीला म्हणाली. "दुसरं काय बी न्हाय. शेवटी तीच म्हणाली, घरी येऊन इचार."

"एवढ्यावर लगीन?"

"व्हय! तुमास्नी कमी वाटलं?"

"न्हाय..." तो तिच्याकडं बघतच राहिला. "मी आपलं नीट शिकून घेतोय."

शिवलीलाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

कोल्हापूरच्या बसमध्ये आज्जाला खिडकीशी बसवलं, तर खाली राजवीर उभा. नंबर मागायचं धाडस त्याला झालं नव्हतं, द्यायचं तिला झालं नव्हतं. बस सुटली की सगळं इथंच राहणार होतं. तो काहीतरी म्हणाला. पण इंजिनची घरघर, हॉर्न... एक अक्षर ऐकू येईना. तिनं हतबल होऊन मान हलवली.

 मग त्यानं बोटं जुळवली, ओठांशी नेली, आणि तिच्याकडं बघत पंजा उताणा केला.

नुकतीच त्याच्याच शेजारी बसून तिनं दीड भाकरी खाल्ली होती. तरी शिवलीलानं बेधडक हात हलवला — न्हाय!

राजवीरचा चेहरा असा उजळला, की आज्जाच्याही लक्षात आलं. म्हातारा खिडकीतून वाकला. दोन्ही हातांचं छप्पर केलं, भाकरी थापून दाखवली, ये म्हणून खुणावलं. आणि एवढ्यानं भागेना म्हणून खणखणीत आवाजात ओरडला, "गडमुडशिंगी! चन्नाप्पाचं घर इचार!"

सगळी बस वळून बघू लागली. शिवलीलाला मात्र लाजेपेक्षा भरूनच आलं. या पाण्याचे, त्या फौंड्रीच्या गोंगाटाचे, वर बसून हसत असेल त्या आज्जीचे किती म्हणून उपकार मानावेत... आज्जाचा हात घट्ट धरावा असं तिला वाटलं. पण ते हात मोकळे कुठं होते? बस वळेपर्यंत ते बोलतच होते.