खुर्चीतून उठू नका

ही गोष्ट खरी आहे. जिच्यावर गुदरली तिच्याच तोंडून मी ती ऐकली, आणि एकदा नव्हे, कैकदा. दर वेळी शब्दन् शब्द तोच. बनवून सांगणाऱ्याला इतकं नीट आठवत नाही.

आमच्या वन्सं. माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. भुताखेतांचं कुणी बोलायला लागलं की त्या हसायच्या. म्हणायच्या, मेलेल्यांना दुसरा उद्योग नाही का?

त्या दिवसापर्यंत हसायच्या.

आणि ती रात्र नव्हती, हे आधीच सांगते. दुपार होती. हिवाळ्यातली, धुक्यात बुडालेली दुपार. जागा म्हणजे एका मोठ्या शहराचा विमानतळ. माणसांनी भरलेला. दिव्यांनी लखलखलेला.

वन्संची एकुलती एक लेक त्या शहरात दिलेली. दोनदा तिची कूस उजवता उजवता राहिली होती. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी ऑपरेशन करायचं ठरवलं. लेकीने फोनवर आईला एवढंच सांगितलं, "आई, तू आल्याशिवाय मी टेबलावर चढणार नाही."

मग काय, वन्सं निघाल्याच. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या.

जावयाने सुचवलं, तिकिटाबरोबर व्हीलचेअर सांगून ठेवू. तो विमानतळ म्हणजे एक गावच आहे, चुकलात तर सापडायच्या नाहीत. खुर्ची ढकलणारा माणूस तुम्हाला थेट माझ्यासमोर आणून उभं करील.

वन्संना ते भारी झोंबलं. माझे पाय काय मोडलेत? रोज टेकडी चढून येणारी बाई ती. पण चुकायची भीतीही होती. शेवटी कबूल झाल्या. आदल्या संध्याकाळी आमच्या ओसरीवर लंगडायचा सराव चालला होता. मी म्हटलं, वन्सं, पाय कुठला ते आधी ठरवा, नाहीतर तिकडे जाऊन बदलाल. आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

धुक्यामुळे विमान उशिरा पोचलं. उतरायच्या आधी विमानातल्या मुलीने जावयाचा निरोप सांगितला. लेकीला सकाळीच दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्याला तिथून हलता येत नव्हतं. धुक्यात टॅक्सी मिळायची नाही, तेव्हा विमानतळाच्या खालूनच सुटणारी शहरातली गाडी पकडा. शेवटचं स्टेशन. समोरच दवाखाना. तिसरा मजला. डॉक्टर थांबतील, पण फार वेळ नाही.

वन्संनी ते सगळं दोनदा म्हणून पाठ केलं.

विमानाच्या दाराशी त्यांना थांबायला सांगितलं, खुर्ची येतेय म्हणाले. माणसं उतरून गेली. विमानातल्या मुली आत वळल्या. खुर्ची काही येईना...

आणि मग वन्संना ती दिसली. पुढे वळणावर, भिंतीशी उभी. रिकामी.

हीच असणार, असं म्हणून त्या लंगडत गेल्या आणि बसल्या.

खुर्ची हलली.

"पाय वर घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. पुरुषाचा आवाज. हळू, थकलेला.

वन्संनी मागे वळून पाहिलं नाही. का पाहिलं नाही, हे त्या मला दर वेळी सांगायच्या. लाज वाटली. धडधाकट बाई मी, आणि त्या बिचाऱ्याला ढकलायला लावते. त्याच्या नजरेला नजर कशी देऊ?

लांबच लांब बोळ होते. खुर्चीचं एक चाक कुरकुरत होतं. कुईं... कुईं... आजूबाजूने माणसं जात. त्यांचे बूट फरशीवर टकटक वाजत.

मागच्या माणसाचे पाय मात्र वाजत नव्हते.

रबरी तळव्यांचे बूट असतील, वन्संनी मनाशी म्हटलं.

त्याचा हात फार सफाईचा होता. जिथे जिथे काच यायची तिथे तो खुर्ची अलगद वळवायचा. लिफ्टमध्ये मागच्या बाजूला मोठा आरसा होता. त्याने खुर्ची अशी उलटी आत घेतली की वन्संचं तोंड दाराकडेच राहिलं. वन्संना कौतुक वाटलं. किती वर्षांची सवय असेल!

सामानाच्या पट्ट्यापाशी खुर्ची थांबली. वन्संची बॅग एकटीच फिरत होती. ती समोर आली, पुढे गेली, पुन्हा आली. मागच्याने हात काही लावला नाही.

"बॅग तेवढी तुम्ही घ्या," तो म्हणाला.

वन्सं उठल्या, दोन ढांगांत गेल्या आणि बॅग उचलून आणली. लंगडायचं साफ विसरल्या. चोरी पकडली गेल्यासारखं वाटून मान खाली घालूनच पुन्हा बसल्या.

तो रागावला नाही. खुर्ची पुन्हा हलली. मग म्हणाला, "आता खुर्चीतून उठू नका, बाई. तुम्ही उठलात की मला पुढे जाता येत नाही."

असेल काहीतरी नियम, वन्संना वाटलं. पाहुण्याशिवाय बाहेर सोडत नसतील यांना.

आणि एकदा चोरी उघडी पडली म्हटल्यावर वन्सं मोकळ्या झाल्या. बोलायला त्यांना कुणी लागत नसे, इथे तर ऐकणारा होता. लेकीचं सगळं सांगितलं. आधीची दोन दुःखं सांगितली. दवाखाना कुठला, मजला कुठला, सगळं सांगितलं. तो मधूनच विचारायचा. हळूच...

"घ्यायला कुणी आलं नाही?"

नाही, त्या म्हणाल्या, जावई तिकडे अडकलेत.

"मलाही कुणी आलं नव्हतं," तो म्हणाला.

फलाटावर गाडी उभीच होती. डब्यात गर्दी नव्हती. खुर्चीसाठी राखलेली जागा शेवटच्या भिंतीशी होती. त्याने खुर्ची तिथे लावली. गाडी जमिनीखालून वर आली. बाहेर धुकंच धुकं.

पुढच्या स्टेशनावर एक बाई चढल्या. हातात भाजीची पिशवी, नाकावर चष्मा. वन्संच्या समोर बसल्या. खुर्चीकडे पाहून त्यांना कणव आली. बऱ्याच लांबून आलेल्या दिसताय, एकट्याच का, असं त्यांनी विचारलं.

एकटी कशी, वन्सं म्हणाल्या, हे आहेत ना मागे.

त्या बाईंनी वन्संच्या खांद्यावरून पाहिलं. मग खुर्चीच्या चाकांकडे पाहिलं. चाकं चारही टीचभर. बसलेल्याला हाताने फिरवता येतील अशी नव्हतीच.

"अहो," त्या अगदी हळू म्हणाल्या, "तुमच्या मागे भिंत आहे."

वन्संनी हात मागे नेला... खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली होती. मध्ये बोटभर जागा नव्हती.

त्या बाई पिशवी छातीशी धरून उठल्या आणि पुढच्या डब्यात निघून गेल्या.

गाडी चालली होती.



वन्संच्या मानेवर घाम फुटला. उठावं असं फार वाटलं. पण ज्या पायांना खोटं लंगडायला शिकवलं होतं, ते आता खरोखरच उचलेनात. पुढच्या स्टेशनावर उतरावं म्हटलं तर अनोळखी शहर, धुकं... आणि तिकडे लेक वाट पाहतेय. वन्सं बसून राहिल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी समोर बघतच विचारलं, "तुम्ही कोण?"

उत्तर अगदी कानाशी आलं. भिंतीच्या आतून आल्यासारखं.

"मीही पाहुणाच होतो. विमानातून उतरलो... आणि शहर तेवढं राहून गेलं."

"कुणाकडे जायचं होतं?"

 चाकं रुळांवर खडखडत राहिली.

"तिसऱ्या मजल्यावर," तो म्हणाला.

वन्सं म्हणायच्या, तिथे माझं काळीज थांबलं. कारण तिसऱ्या मजल्याचं त्याला मीच सांगितलं होतं. त्याचं स्वतःचं कुणी तिथे होतं, की तो माझ्याच लेकीच्या खोलीबद्दल बोलत होता? विचारायचा धीर झाला नाही.

शेवटचं स्टेशन आलं. खुर्ची आपसूक हलली. लिफ्ट, बोळ, मग रस्ता. धुक्यात गाड्यांचे दिवे पिवळे ठिपके होऊन सरकत होते. रस्त्यापलीकडे दवाखाना. दाराकडे चढत जाणारा रॅम्प.

कुईं... कुईं... चाकाची गती वाढली होती. त्याला घाई झाली होती.

रॅम्पच्या तोंडाशी वन्संनी दोन्ही टाचा जमिनीत रोवल्या.

खुर्ची अडली.

"उठू नका," तो म्हणाला. आवाज कापत होता. "बाई, एवढंच उरलंय. एवढंच."

वन्सं सांगायच्या, तो आवाज दुष्ट नव्हता गं. दुष्ट असता तर बरं झालं असतं. पण आत माझी लेक होती. तिचं मूल होतं. मी कुणाला घेऊन आत जात होते, मला काय ठाऊक?

त्या उठल्या.

बॅग घेतली आणि मागे न बघता रॅम्प चढल्या. पाठीमागे पाऊल नाही, चाक नाही, हाक नाही.

काहीच नाही.

तिसऱ्या मजल्यावर लेकीला स्ट्रेचरवर घेतलं होतं. ती डोळे दाराकडे लावून पडली होती. आई दिसताच तिने हात पुढे केला.

"आलीस? कशी आलीस गं?"

"आणलं कुणीतरी," वन्सं म्हणाल्या.

मुलगी झाली. रडली ती असं काही, की जावई आणि वन्सं दोघंही बाहेर बाकावर बसून रडले.

रडणं ओसरल्यावर जावयाने विचारलं, आई, होता कुठे तुम्ही? विमानतळावरून फोन आला होता. खुर्ची घेऊन आमचा माणूस दाराशी गेला, तर बाई तिथे नाहीतच, असं ते म्हणत होते.

वन्सं उठून खिडकीशी गेल्या.

खाली, रॅम्पच्या तोंडाशी खुर्ची होती.

रिकामी. दवाखान्याच्या दाराकडे तोंड करून उभी. लोक तिला वळसा घालून ये-जा करत होते.

वन्सं वारंवार खिडकीशी जात होत्या. खुर्ची तशीच. दिवे लागले. तशीच. नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, पुन्हा खिडकीशी आल्या...

खुर्ची नव्हती.

नातीला जावयाच्या हातात देऊन त्या जिना उतरून खाली धावल्या. दाराशी वॉचमन होता. तो म्हणाला, हो, होती ना इथे खुर्ची. एक म्हाताऱ्या बाई आल्या, रॅम्पपाशी दम लागला म्हणून टेकल्या तिच्यात. मग गेल्या आत.

"ढकलत कोण होतं?"

वॉचमनने डोकं खाजवलं. कोणीतरी असेलच की, तो म्हणाला. चढ आहे, आपोआप थोडीच जाईल?

वन्सं जिना चढून वर आल्या. छातीचा भाता झाला होता. लेकीच्या खोलीचं दार उघडलं. लेक झोपलेली. नात झोपलेली. जावई खुर्चीत पेंगत होते. सगळं ठीक.

मग त्यांनी बोळातून पाहिलं.

अगदी दुसऱ्या टोकाला, एका बंद खोलीसमोर ती खुर्ची उभी होती.

रिकामी.

वन्सं जवळ गेल्या. बसायच्या जागेवर हात ठेवला. कोमट होती.

नर्सला विचारलं, या खोलीत कोण आहे? ती म्हणाली, कुणी नाही, तिथे हल्ली चादरी ठेवतो. आणि त्या म्हाताऱ्या बाई? कुठल्या बाई, नर्स म्हणाली, भेटायची वेळ कधीच संपली. मजल्यावर बाहेरचं कुणीच नाही.

वन्सं महिनाभर तिथे होत्या. येता-जाता वॉचमनला विचारायच्या, त्या बाई परत जाताना दिसल्या का?

शेवटी तो वैतागला. मावशी, म्हणाला, आत गेलेलं माणूस कधी ना कधी बाहेर येतंच की.

पण येताना त्याने पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

वन्संना जाऊन बरीच वर्षं झाली. नात आता लग्नाची झाली, तिला यातलं काही ठाऊक नाही. मी एकदा त्यांना विचारलं होतं, तो पोचला असेल का हो जिथे जायचं होतं तिथे? त्यांनी हातातलं विणकाम मांडीवर ठेवलं.

"तो पोचला असेल गं," त्या म्हणाल्या. "पण ती म्हातारी कोण होती? मी उठले म्हणून तर ती जागा रिकामी झाली."

त्यानंतर हे बोलणं आमच्यात कधी निघालं नाही.

आता माझेच गुडघे गेलेत, खरोखरचे. पुढल्या महिन्यात धाकट्याकडे जायचंय, त्याने तिकिटाबरोबर खुर्ची सांगून ठेवलीय. मी हो म्हटलंय. नाही म्हणून करते काय, चार पावलं टाकवत नाहीत. एवढं मात्र मनाशी ठरवलंय, की बसायच्या आधी ढकलणाऱ्याला म्हणायचं, बाबा रे, जरा पुढे ये, मला तुझं तोंड बघू दे.

आणि पुढे कुणी आलंच नाही, तर...

तोवर मी बसलेली नसले म्हणजे मिळवली.