कमी केलेलं नाव

कापूरहोळच्या फिरोजला भुताखेतांच्या गप्पा सांगायला जाऊ नका. चहा पाजून तो तुम्हाला वाटेला लावेल. म्हणूनच ही घटना त्याच्याच तोंडून ऐकली, तेव्हा कुणी हसलं नाही. यात एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

साल २००७. दिवाळी नुकतीच सरली होती. गाव पासली, वेल्ह्याच्या पुढे, डोंगरालगत. वेळ दिवेलागणीची.

फिरोजचं हायवेला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पासलीचा इंद्रजित त्याचा जिवाभावाचा दोस्त. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. गावोगावचे नवरानवरी त्यानं टिपले, पण स्वतः कायम कॅमेऱ्यामागे.

असाच एका लग्नाहून परतताना घाटात त्याची मोटारसायकल घसरली... तो जागीच गेला. बायको शेफालीला तेव्हा सातवा महिना होता.

मुलगी झाली. बारशाला आत्यानं नाव ठेवलं केतकी. आता ती दोन वर्षांची होती, आणि बाप कसा हसायचा, बोलायचा, हे तिला ठाऊक नव्हतं.

इंद्रजितचा एकच व्हिडिओ होता. लग्नानंतर नवा कॅमेरा आला, तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून बसला आणि शेफालीनं गंमत म्हणून शूट केलं. तो व्हिडिओ त्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

आणि त्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, म्हणून शेफालीनं फिरोजला घरी बोलावलं होतं.

टक्... टक्... टक्...

"फिरोजभाई, वाचंल ना?" शेफालीनं विचारलं.

"वाचंल वहिनी. बॅकअप घेतो की झालं."

त्यानं नवी डिस्क जोडली. जुनं बॅकअप सॉफ्टवेअर तिला ओळखेना. सीडीवर आणलेला अपडेट त्यानं टाकला. स्क्रीनवरची पट्टी निम्म्यावर गेली अन् थांबली.

'या खात्याला परवानगी नाही.'

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

कारण साधं होतं. सगळे अधिकार 'इंद्रजित' नावाच्या खात्याला होते, आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला होता. शेफालीच्या खात्यावरून त्याचं फोल्डरही उघडेना. फिरोजला त्यात विशेष काही वाटलं नाही. असली कुलुपं तो रोज तोडायचा.

"इंद्राचं खातं काढून टाकतो. सगळी मालकी वहिनींच्या नावावर करतो."

दाराशी बसलेली इंद्रजितची आई अंबूबाई एकदम उठली.

"नाव कमी करू नगंस लेका. तलाठ्यानं सातबाऱ्यावरनं कमी केलं. रेशनकार्डावरनं बी केलं. हितं तरी ऱ्हाऊ दे."

"मावशी, नाव ठेवायच्या नादात व्हिडिओ जाईल."

खरं तर नाव ठेवूनही काम झालं असतं. जरा वेळ लागला असता, एवढंच. पण फिरोजला घाई होती. म्हातारी चुलीकडे वळली, तेवढ्यात त्यानं खातं काढून टाकलं.

टकटक थांबली.

गोठ्यातल्या म्हशीच्या गळ्यातली घंटाही वाजेना...

अपडेट बिनबोभाट झाला. बॅकअपही झाला. फिरोज खूश झाला. "बसा वहिनी, केतकीला पण घ्या," म्हणत त्यानं व्हिडिओ लावला.

अंगण दिसलं. तुळस दिसली. खुर्ची दिसली...

खुर्ची रिकामी होती.

"अहो, हलू नका ना!" व्हिडिओतली शेफाली कॅमेऱ्यामागून हसत त्या रिकाम्या खुर्चीला सांगत होती. आणि खुर्ची कुरकुरली... बसलेला माणूस हलल्यावर कुरकुरावी तशी.

फिरोजला वाटलं, बॅकअपच बिघडला असेल. त्यानं जुन्या डिस्कवरची मूळ फाईल उघडली. तिच्यातही तेच.

"ते तिथं होते हो! मीच तर शूट केलंय!" शेफालीनं हंबरडा फोडला.

फिरोजनं 'इंद्रजित' नावाचं खातं पुन्हा नव्यानं तयार केलं. पासवर्ड ठेवला नाही. त्याला पक्कं माहीत होतं, नाव तेच दिलं तरी कॉम्प्युटरला हा माणूस नवा. काढलेलं खातं असं परत येत नाही.

त्यानं नावावर क्लिक केलं...

स्क्रीननं पासवर्ड मागितला.

टक्... टक्... टक्...

शेफालीच्या खात्यात परत जाऊन पाहिलं, तर झालेला अपडेट नाहीसा. पुन्हा टाकला. 'या खात्याला परवानगी नाही.'

आवाज वाढत चालला होता. डिस्क आता कधीही गेली असती.

अंबूबाई पुढे आली. लेकराच्या तोंडावरून फिरवावा तसा तिनं स्क्रीनवर हात फिरवला.

"इंद्रा, फिरोजचं चुकलं. म्या त्याला सांगितलं हुतं. पोर तुला बघाया बसलीया. दे बाबा."

कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता...

पट्टी सरकली. अपडेट झाला. मागोमाग बॅकअप सुरू झाला. तो पूर्ण होताच जुनी डिस्क कायमची गप्प झाली.

फिरोजनं नव्या डिस्कवरचा व्हिडिओ लावला.

खुर्चीत इंद्रजित होता. हसत होता. "हलू नका ना" ऐकून तो पुढे वाकला. थेट समोर बघितलं...

"केतकी, जेवलीस का गं?"

आईच्या मांडीवरच्या केतकीनं मान हलवली.

"शहाणी माझी," इंद्रजित म्हणाला.

शेफाली लेकीला कवटाळून रडत होती, आनंदानं. अंबूबाई हात जोडून उभी होती. फिरोज तेवढा दाराकडे सरकत होता. व्हिडिओ काढला तेव्हा केतकी पोटातही नव्हती.

पासलीला तो पुन्हा गेला नाही. पण आजही गेलेल्या माणसाचा कॉम्प्युटर दुकानात आला, की हात लावण्याआधी तो हळूच विचारतो, "दादा, उघडू का?"

गिऱ्हाइकं हसतात.

फिरोज हसत नाही. तो उत्तराची वाट बघत बसतो...