घंटीवरचं फडकं

त्या गुरुवारी रंगांची पिशवी घेऊन भारती तलासरीहून डहाणूला निघाली, तेव्हाच तिचं अंग मोडून आलं होतं. किनाऱ्यालगत स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसांचं एक केंद्र होतं. दर गुरुवारी दुपारी ती तिथे जाई आणि त्यांना चित्रं काढायला बसवी. नाव-गाव विसरलेलं माणूसही ब्रश हाती आला की जरा निवतं, हे तिला ठाऊक होतं. चार वर्षं तिने स्वतःच्या आईला याच आजारात एकटीने सांभाळलं होतं. आईला जाऊन तीन वर्षं झाली, पण थकवा काही गेला नव्हता.

वेणूमावशी खिडकीपाशी बसली होती. जन्मभर मासळी विकलेली ही म्हातारी आता सुनेलाही ओळखत नव्हती.

"सकाळपासून रंग मागतेय," केंद्रातली पुष्पा हळूच म्हणाली. "आणि कुणाशी तरी बोलत बसते..."

भारतीला आत पाऊल टाकवेना. पंधरा दिवसांपूर्वी वेणूमावशीने एक हिरवं दार काढलं होतं, कडीला घंटी बांधलेलं. भारतीच्या घराचं दार अगदी तसंच. आई उठसूट बाहेर पडायची म्हणून भारतीनेच ती घंटी बांधली होती. म्हातारीने तलासरी कधी पाहिलंही नव्हतं. योगायोग, असं भारतीने मनाला समजावलं. मागच्या गुरुवारी तेच दार पुन्हा आलं. या वेळी घंटीभोवती फडकं गुंडाळलेलं होतं.

आई गेली त्या दुपारी घंटी वाजलीच नाही, असं भारतीने पोलिसांना सांगितलं होतं, भावकीलाही. का वाजली नाही, ते मात्र कुणालाच नाही. ती किणकिण रात्रंदिवस चालायची. त्या दुपारी तासभर झोप मिळावी म्हणून तिनेच घंटीला फडकं गुंडाळलं आणि आडवी झाली. जाग आली तेव्हा दार सताड उघडं होतं. आई सापडली गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीतल्या पाण्यात.

भारती म्हातारीसमोर बसली. लाइट गेली, पंखा कुरकुरत थांबला. वारा पडलेला. बाहेर सुकत घातलेल्या बोंबलांचा वास खोलीत साचून राहिला. त्या शांततेत ब्रशची खसखस तेवढी ऐकू येत होती.

कागदावर खाण उतरत होती. करडे कडे, खाली काळं पाणी. काठावर पांढऱ्या केसांची बाई. आणि तिच्या मागे, अगदी जवळ, आणखी एक.

"मावशी... ही मागची कोण?"

"तूच की."

"मी नव्हते तिथे. मी झोपले होते."

म्हातारीने मान वर केली. तिच्या नजरेत एरवीची धूसर पोकळी नव्हती. एखाद्या लेकराची समजूत काढावी तसं ती म्हणाली, "झोपलीस कुठे, बाय? तू तिचा हात धरला होतास ना..."

"मग?"

"मग तू दमलीस."

ती दुपार भारतीने हजार वेळा आठवली होती. फडकं, उशी, मग उघडं दार. मधलं काहीच नाही. ते काहीच नसणं म्हणजे झोप, असंच ती आजवर धरून चालली होती.

"हे तुला कुणी सांगितलं?"

वेणूमावशीने ब्रश खाली ठेवला. नजर पुन्हा विझली. "मासे संपले," ती म्हणाली. "उद्या ये."

भारतीने सामान आवरलं. पुष्पाने काही विचारलं, तिला ते धड ऐकूही आलं नाही. तलासरीच्या जीपमध्ये कोपऱ्यातली जागा मिळाली. तिने डोकं मागे टेकलं, पण डोळे मिटायची भीती वाटली. हायवे लागला तसं उजवं मनगट ठणकायला लागलं. तिने बाही मागे सारली.

चार बोटं आणि एक अंगठा. रंग नव्हता, कातडीत खोल रुतलेले वळ होते, खाली घसरणाऱ्या कुणीतरी गच्च धरल्यासारखे.

तलासरी येईपर्यंत ती ते चोळत राहिली. वळ ओले लागत होते.