वरचं उत्तर पुसत नाही

त्या दोघांची गाठ पडली ती एका शिलाई मशीनवरून, आणि तीही चारचौघांत!

मावशीचं शिवणकामाचं दुकान तिने नुकतंच हाती घेतलं होतं. नवरीचा सॅटिनचा पोशाख दोन दिवसांत द्यायचा, आणि मशीन सारखं टाके सोडत होतं. रडकुंडीला येऊन तिने शिवणकाम करणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर विचारलं. उत्तर आलं, "ताई, आधी सुईत दोरा ओवायला शिका!" त्याखाली हसरे चेहरे… सतरा.

ती प्रश्न काढून टाकणार, तेवढ्यात 'तेलकुपी' असं टोपणनाव घेतलेल्या एका मशीन दुरुस्त करणाऱ्याने लिहिलं, "हसून झालं असेल तर फोटो बघूया का?"

फोटो बघून तो म्हणाला, दोऱ्याचा ताण सैल करा. तिने केला. टाके सुटतच राहिले. शेवटी तिनेच जाड सुई काढून बारीक लावली, आणि शिलाई सरळ धावली.

त्याला टोमणा मारायची संधी तिच्याकडे चालून आली होती. पण तिच्यावर न हसलेला तो एकटाच होता. तिने लिहिलं, "तुम्ही विचारलंत म्हणून नेटाने शोधलं. दोष सुईचा होता."

तो चिडेल, असं तिला वाटलं. उत्तर आलं, "माझं चुकलं. वरचं उत्तर पुसत नाही, खाली दुरुस्ती लिहितो. पुढच्याची फसगत नको."

तिने ते तीनदा वाचलं. इतक्या सरळपणे चूक कबूल करणारा माणूस तिने अजून पाहिला नव्हता.

मग दोघं मिळून नवख्यांना उत्तरं देऊ लागले. कुणी टर उडवली की ती लिहायची, "दादा, मशीनबद्दल बोला." तो पाठीशी असायचाच. मंचावरचं बोलणं हळूच खासगी निरोपांत उतरलं…

एका दुपारी दुकानाच्या दारात एक उंच, लाजरा माणूस उभा राहिला.

"मी… तेलकुपी. मशीन बघायला आलो."

"ते तर झकास चालतंय!"

"माहीत आहे. दुसरं निमित्तच सुचेना."

आतून मावशी ओरडली, "कोण गं?"

"दुरुस्तीवाले!"

"मग बसव की त्यांना, ताटकळत काय ठेवलंयस!"

तो बसला नाही. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "रोज तुमच्या उत्तराची वाट बघायची सवय लागलीय… जन्मभर बघितली तर चालेल?"

तिच्या गालांवर ऊन चढलं.

"वाट कशाला बघायची?" ती हळूच म्हणाली. "मी समोरच असेन की…"