मेरिक यांच्या टेबलाचा नियम

“आपलाच हात आपल्याला दिसेना, तिथे रजई काय दिसणार, डोंबल!”

अंधाऱ्या दालनात कुणीतरी लेनोरच्या अगदी कानाशी पुटपुटलं. ती काचेच्या पेटीमागे गुडघ्यांवर बसून रजईची एक चुणी सारखी करत होती. चटकन उठली, आणि तिचं डोकं थेट त्या पुटपुटणाऱ्याच्या हनुवटीवर आदळलं.

“अगं बाई! लागलं का हो?”

“नाही, नाही... दुसरी हनुवटी आहे घरी.”

त्याच्या कोटावर कोरा करकरीत बिल्ला होता. अ‍ॅन्सेल ब्रॅनिगन, लोककार्यक्रम. म्हणजे पाहुण्यांसाठी कार्यक्रम बसवायला ओमाहाहून वर्षभरासाठी यायचा होता, तो हाच. प्रदर्शनं मांडायचं काम लेनोर प्रुइटचं. राष्ट्राध्यक्ष मेरिक यांच्या या संग्रहालयातली प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची, किती उजेडात ठेवायची, हे तीच ठरवायची.

“दिवे मी मुद्दाम मंद ठेवलेत,” ती जरा ताठ होऊन म्हणाली. “शेतकरणींनी शिवून पाठवलेली रजई आहे. उजेडानं रंग उडतात तिचे. चार महिने माणसांत राहते, मग दोन वर्षं अंधारात विश्रांती.”

“अशी नोकरी मला का नाही कुणी दिली?”

तिला राग यायला हवा होता. आलं हसू. म्हटलं ना, अंधार होता... त्याला दिसलं नसावं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

पुढच्याच आठवड्यात शाळेची मुलं आली, तेव्हा अ‍ॅन्सेलनं त्यांना दारातच थांबवलं. “डोळे मिटा. घट्ट. तुमच्या डोळ्यांना सांगा, सावकाश या बाबांनो, घाई नाही.” मग त्यानं त्यांना हलकेच आत नेलं. “आता उघडा!” आणि त्या मंद उजेडात रजईचा डाळिंबी रंग असा काही वर आला की पोरं एकदम “ओऽऽ” करून गप्पच झाली. लेनोर खांबाआड उभी होती. इतकी वर्षं ती रजईला जपत होती. माणसांना रजईपाशी असं आणावं, हे तिला कधी सुचलं नव्हतं.

“कसं वाटलं?” त्यानं नंतर विचारलं.

“बरं होतं.”

“नुसतं बरं?”

“फार चढू नका. हनुवटी जपा.”

मग ते चालूच झालं. मेरिक यांच्या कचेरीची हुबेहूब खोली आहे आमच्याकडे. सोमवारी दार बंद असताना लेनोर तिथलं मेज मऊ ब्रशनं पुसायची, आणि अ‍ॅन्सेल दोरीच्या अलीकडे, पाहुण्यांनी उभं राहायचं तिथे, कॉफी घेऊन उभा. आत यायचा नाही. “परवानगी असल्याशिवाय मी कुणाच्या हद्दीत शिरत नाही,” म्हणायचा, आणि तिच्याकडे असा पाहायचा की ब्रश त्याच जागेवर फिरत राहायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. निळी जाकिटं घालून पाहुण्यांना माहिती सांगणाऱ्या आमच्या स्वयंसेवक म्हाताऱ्यांना मात्र सगळं कळलं होतं.

मार्च उजाडला, रस्त्याकडेचा बर्फ मळून काळा झाला, आणि सिअ‍ॅटलच्या मोठ्या संग्रहालयाचा अ‍ॅन्सेलला फोन आला. या, म्हणाले. सोमवारी उत्तर द्या.

आमच्या संचालिकाबाईही त्याला इथे कायम करायला तयार होत्या. त्यांनाही त्यानं उत्तर दिलं नव्हतं. तो कुणाच्या तोंडाकडे पाहत थांबलाय, हे खानावळीतल्या पोरीलासुद्धा माहीत होतं. पण बोलणार कोण? नेब्रास्कातली माणसं आम्ही! कुणी मरो, कुणाचं लग्न ठरो, आम्ही हवेवर बोलतो आणि घरून काहीतरी भाजून आणतो. त्या आठवड्यात विश्रांतीच्या खोलीत भट्टीत भाजलेले, चेरी भरलेले तीन गोड ‘पाय’ आले आणि वाऱ्याची भरपूर चर्चा झाली.

लेनोर त्याला म्हणाली, “छान झालं. फार छान झालं,” आणि आधीच मोजलेली काच पुन्हा मोजायला निघून गेली. एवढी मोठी संधी... आपण कोण अडवणारे?

शनिवारी ‘मेरिक यांचं टेबल’ होतं. अ‍ॅन्सेलनं बसवलेला कार्यक्रम, आणि काय बसवला होता! महापुराच्या वर्षी नदीचा बांध कुठे फोडायचा, हे मेरिक यांना ठरवायचं होतं. खाली शहर, वर त्यांच्याच गावची शेतं. पाहुण्यांतलेच लोक मंत्री होऊन टेबलाभोवती बसायचे, आणि मेरिक यांचा खरा नियम पाळायचा. योग्य काय, ते नंतर. आधी तुम्हांला काय हवंय, ते बोला. त्या दिवशी मेरिक स्वतः म्हणाले होते, “मला माझ्या आईचं घर हवंय.” म्हणाले, आणि शेतांकडचा बांध फोडायच्या हुकमावर सही केली. घर पाण्याखाली गेलं. अ‍ॅन्सेल हे सांगायचा तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा ऐकू यायचा नाही.

या शनिवारी कृषिमंत्री व्हायचे ते गृहस्थ तापानं घरी होते. निळ्या जाकिटातल्या ओपल हॅचरबाईंनी, ऐंशीच्या असतील, लेनोरला दंडाला धरून रिकाम्या खुर्चीत बसवलं. “बस गं. खुर्ची चावत नाही.”

मधल्या खुर्चीत अ‍ॅन्सेल. एकेक जण बोलू लागला. एक मक्याचा शेतकरी “देशाच्या हिताचा विचार करता...” म्हणून सुरू झाला.

“ते नंतर, काका. हवंय काय?”

“माझं शेत!” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. लोक हसले, पण प्रेमानं.

मग लेनोरची पाळी.

“शहरात माणसं जास्त आहेत,” ती टेबलाकडे पाहत म्हणाली, “तेव्हा योग्य हेच की—”

“ते नंतर.” तो टेबलावर पुढे झुकला. “हवंय काय?”

“कृषिमंत्र्यांना?”

“नाही.”

संचालिकाबाई छताकडे पाहू लागल्या. मागून ओपलबाई पुटपुटल्या, “कुणी हवेवर बोललं तर बघा हं!”

लेनोरनं मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं... भर उजेडात, सगळ्यांच्या देखत.

“सिअ‍ॅटल चांगलं आहे. समुद्र आहे तिथे. कदाचित जाणंच योग्य असेल, ते तू ठरव, मी अडवणार नाही. पण नियमानं विचारतोयस, म्हणून सांगते—” ती खुर्चीतून उठून उभी राहिली. “मला तू हवा आहेस, अ‍ॅन्सेल. इथे. माझ्याजवळ.”