गुंडीला घर पाठ आहे

त्या दोघांची ओळख झाली ती चष्मेवाल्याच्या पायपुसण्यावर. म्हणजे गुंडीने त्या पायपुसण्यावर जे केलं, त्यामुळे. प्रेमकथेची सुरुवात याहून जरा देखणी असायला हवी होती, मान्य. पण झालं ते असं झालं, आता मी काय करू?

सकाळची वेळ. शिवणवाली आपल्या दुकानाचं शटर वर ढकलत होती, आणि तिची म्हातारी कुत्री गुंडी शेजारच्या दारात जाऊन निवांत बसली. शेजारचं दुकान नवं, त्यातला चष्मेवाला नवा आणि पायपुसणंही कालच आणलेलं. काचा पुसायचं फडकं हातात घेऊन तो दारात आला आणि बघतच राहिला.

"अहो… हे तुमचं का?"

"कुत्री माझी," ती शरमेने लाल झाली, "आणि बाकीचंही… माझंच म्हणायचं. द्या ते इकडे, धुऊन आणते."

"राहू द्या हो. उद्घाटन झालं म्हणू!"

दुसरी कुणी असती तर हसली असती. हिला हसू आलं नाही. कारण हे आजचं नव्हतं. जन्मात कधी घरात घाण न केलेली गुंडी हल्ली शिलाई मशीनखाली, कपड्यांच्या ढिगावर, कुठेही बसायची. पाण्याचं भांडं भरून ठेवावं तो रिकामं. जेवायची, ताट चाटून पुन्हा तोंडाकडे बघायची, आणि तरी बरगड्या दिसायला लागल्या होत्या. म्हातारपण, दुसरं काय, अशी शिवणवालीने आपली समजूत घातली होती.

गुंडी खरं तर तिच्या वडिलांची. तेही शिंपीच. पिल्लू असताना घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या तिने एका गिऱ्हाइकाच्या कोटाची गुंडी गिळली, म्हणून हे नाव. गेल्या थंडीत वडील गेले. दवाखान्यात शेवटचं बोलले ते एवढंच, "गुंडीला बघ गं." लेकीबद्दल काही बोलले नाहीत, तिची काळजी गुंडी घेईल हे त्यांनी गृहीतच धरलं असावं. आणि खोटं नव्हतं ते. दुकानामागच्या त्या खोलीत आता हिच्याशिवाय दुसरा श्वास होता तो गुंडीचाच.

दुपारी चष्मेवाला दारात येऊन खाकरला. "जरा येता का? काहीतरी दाखवायचंय."

मागच्या सामाईक व्हरांड्यात, गुंडी पुन्हा जिथे बसून गेली होती तिथे, मुंग्यांची काळी रांग लागली होती.

"फिनेल टाकते," ती घाईने म्हणाली.

"तसं नाही हो. माझ्या आजोबांच्या मोरीत अशाच मुंग्या लागायच्या. आम्ही आपले पावडरी मारत बसलो… मग कळलं, त्यांना साखरेचा आजार होता. ही पाणी फार पिते का?"

पाण्याचं रिकामं भांडं तिच्या डोळ्यांसमोर आलं. तरी ती म्हणाली, "कुत्र्याला कुठे असले आजार होतात!"

"होत नसतील तर उत्तमच. पण एकदा दाखवून येऊ या."

येऊ या. या माणसाची ओळख सकाळची, आणि बोलतो कसा? पण तिला ते आवडलं. वडील गेल्यापासून 'आपण' धरून तिच्याशी कुणी बोललंच नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरबाई फटकळ होत्या. रक्त तपासलं, लघवी तपासली आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, "मधुमेह आहे. कुत्र्यांनाही होतो. तहान, लघवी, खाऊनही वाळणं… ही सगळी तीच लक्षणं."

"बाबा तिला चहात बुडवून बिस्किटं द्यायचे," शिवणवालीचे डोळे भरून आले. "मीही देत राहिले. माझ्यामुळे झालं का हे?"

"तसं सांगता येत नाही. पण बिस्किटं आजपासून बंद. आता नीट ऐका." डॉक्टरबाईंनी एकेक समजावून सांगितलं. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी, ठरलेलंच जेवण. जेवली की कातडीखाली इन्सुलिनचं इंजेक्शन. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, गदागदा हलवायचं नाही. हे सगळं आयुष्यभर. "जेवली नाही, तर टोचू नका, मला फोन करा. आणि दिलं की नाही अशी शंका आली, तरीसुद्धा देऊ नका. एखादं चुकलं तर निभावतं. दोनदा गेलं तर जीव जातो."

आता गंमत बघा. जिचा सगळा जन्म सुईवर गेला, जी डोळे मिटून काज करायची, तिचा हात त्या एवढ्याशा सुईने लटपटायला लागला. पहिल्या सकाळी गुंडी जेवून ताट चाटत होती, आणि ही सिरिंज धरून तिच्यापाशी नुसती बसलेली.

व्हरांड्यातून आवाज आला, "मी येऊ?"

"या…"

चष्मेवाला गुंडीच्या पलीकडे उकिडवा बसला. "मानेमागची कातडी उचला. कापडाची चुणी धरता ना, तशीच."

"कापडाला दुखत नाही."

"हिलाही फारसं दुखत नाही म्हणाल्यात डॉक्टरबाई. द्या, आज मी देतो. तुम्ही चुणी धरा."

तिने चुणी धरली, त्याने टोचलं. गुंडीने मागे वळूनही पाहिलं नाही. तो मात्र घामाघूम. आणि दोघांची बोटं त्या एवढ्याशा चुणीवर एकमेकांना लागलेली… हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं, आणि हातही एकदमच मागे गेले.

तेव्हापासून सकाळचं इंजेक्शन त्याचं, संध्याकाळचं तिचं. सकाळी तो यायचा, ती चहा ठेवायची. एक दिवस तो म्हणाला, "मला बिनसाखरेचा."

"का? तुम्हालाही झालं की काय?"

"नाही हो. पण गुंडीसमोर गोड प्यायचं म्हणजे… तोंड वर करून बघते ती. लाज वाटते."

"मग तिच्याकडे बघू नका ना."

"मग कुणाकडे बघू?"

तिने साणशी उगाचच जोरात आपटली. पण त्या दिवसापासून घरात बिनसाखरेचाच चहा होऊ लागला.

एकदा त्याने तिच्यासमोर चष्म्याचं घर ठेवलं. "सुईत दोरा ओवताना हात किती लांब धरता तुम्ही! हा घाला. आणि तुमच्यासाठी नाही हं हा, गुंडीसाठी आहे. सिरिंजवरच्या रेघा नीट दिसायला हव्यात."

तिने चष्मा घातला. सिरिंजवरच्या रेघा दिसल्या. त्याच्या कानशिलावरचे पिकलेले दोन-चार केस दिसले, आणि आपल्याकडे बघताना त्याचे कान लाल होतात, तेही दिसलं. तिने चष्मा पटकन काढून ठेवला.

गुंडीच्या अंगावर पुन्हा मांस चढलं. पाण्याचं भांडं दुपारपर्यंत पुरायला लागलं. सगळं असं रुळावर आलं, आणि मग या दोन शहाण्यांनी घोळ घातला.

झालं काय, चष्मेवाल्याची बहीण त्याच्यासाठी एका मुलीचा फोटो घेऊन आली. त्याने तो शिवणवालीला दाखवला. "बघा, कशी वाटते?" हसत हसतच विचारलं त्याने. हिने नाक मुरडावं, काहीतरी खोट काढावी, एवढीच त्याची आशा. आणि हिने काय म्हणावं?

"छान आहे की. करून टाका." मग मान खाली घालून, काजाला टाके घालत, "आणि उद्यापासून गुंडीचं मीच बघेन सगळं. लग्न ठरलेल्या माणसाने सकाळी सकाळी दुसऱ्याच्या घरी येणं… बरं दिसत नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि गेला. नुसतं "बरं"! ती रात्री उशीत तोंड खुपसून रडली.

दुसऱ्या सकाळी तिने गुंडीला व्हरांड्यात जेवायला वाढलं, तेवढ्यात पुढून गिऱ्हाइकाने हाक मारली. शाळेचे गणवेश न्यायला आले होते. ती गेली, मापांवरून बोलाचाली झाली, वेळ लागला. परत आली तर ताट चाटूनपुसून स्वच्छ. फ्रिज उघडून तिने औषध काढलं, चष्मा लावला, एकटीनेच चुणी धरली आणि टोचलं. हात लटपटला नाही, याचाच तिला राग आला.

दुपारी गुंडी उठली ती झिंगल्यासारखी. मागचे पाय फाकले, अंग थरथरायला लागलं, नजर ठरेना. दोन पावलं टाकून ती मशीनपाशी कोसळली.

शिवणवालीने मधल्या भिंतीवर दोन्ही हातांनी धडाधड मारलं. चष्मेवाला धावत आला.

"सकाळी इंजेक्शन दिलं होतंत का तुम्ही?" त्याने विचारलं.

"दिलं. जेवल्यावर दिलं. का?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मीही दिलं. तुम्ही पुढे होता, मी मागून येऊन फ्रिजमधलं औषध घेतलं… मला वाटलं, आपल्या भांडणात हिचं राहून जाईल…"

तिने गुंडीचं डोकं मांडीवर घेतलं. मग ती ओरडली, "मध! फळीवर मध आहे, आणा!" दोघांनी बोटांनी गुंडीच्या हिरड्यांना मध चोळला, तिला चादरीत गुंडाळलं आणि मिळेल त्या गाडीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी लगेच तिला आत नेलं.

बाहेरच्या बाकावर दोघं दोन टोकांना बसली. तिच्या बोटांना मध चिकटलेला होता. वडिलांनी एकच गोष्ट सांगितली होती. एकच. तीही मला जमली नाही.

"का नाही सांगितलंत?" ती म्हणाली.

"तुम्हीच म्हणालात…"

"मी येऊ नका म्हणाले. बोलू नका असं कुठे म्हणाले?"

तो बाकावर जरा अलीकडे सरकला. "ज्या दिवशी तुम्हाला फोटो दाखवला ना, त्याच दिवशी परत केला मी तो. तेही सांगितलं नाही."

"का?"

"तुम्ही विचाराल म्हणून थांबलो."

"आणि मी… तुम्ही आपणहून सांगाल म्हणून." तिला हुंदका आवरेना. "आपल्या दोघांच्या तोंडाला कुलूप, आणि जीव जायची वेळ तिच्यावर!"

दार उघडलं. डॉक्टरबाई हात पुसत बाहेर आल्या. "वाचलीय. सलाईन लावलंय, आज इथेच राहील." मग दोघांकडे आळीपाळीने बघत म्हणाल्या, "भांडलात ना? घरातल्या दोघांना एकमेकांशी बोलायचं नसेल, तर जनावर पाळू नये."

घरातल्या दोघांना. चूक दुरुस्त करायला दोघांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही.

त्या दिवसापासून एक रीत पडली. टोचून झालं की देणाऱ्याने मोठ्याने ओरडायचं, "दिलं!" आणि दुसऱ्याने भिंतीपलीकडून, "ऐकलं!" सकाळ-संध्याकाळ. गिऱ्हाइकं दचकायची, आजूबाजूचे दुकानदार गालात हसायचे. हसू देत.

पण गुंडीच्या डोळ्यांत हळूहळू दुधासारखं पांढरं उतरायला लागलं. या आजारात बऱ्याच कुत्र्यांना मोतीबिंदू होतो, औषध वेळेवर देऊनसुद्धा. "या वयात ऑपरेशन नको," डॉक्टरबाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. परतताना चष्मेवाल्याने गुंडीला वाटभर उचलून आणलं. दारापाशी एवढंच म्हणाला, "दिवसभर लोकांना नीट दिसेल असं करतो मी. आणि हिच्यासाठी काही करता येत नाही." त्याचे डोळे भरले होते, आणि त्याने ते लपवले नाहीत.

गुंडीने मात्र घर पाठ केलं. इस्त्रीच्या टेबलाचा पाय, मग मशीन, मग पाण्याचं भांडं. शिवणवाली स्टूलसुद्धा इंचभर हलवायची नाही. एकदा चुकून तिने कापडाचा तागा वाटेत ठेवला. गुंडी त्याला धडकली आणि आपण भलत्याच घरात आलो की काय, अशी थिजून उभी राहिली. शिवणवाली तिला पोटाशी धरून बसली, किती तरी वेळ.

एका संध्याकाळी ती "दिलं!" म्हणून ओरडली, तर पलीकडून उत्तर आलं नाही. तो स्वतःच आला. काही न हलवता, अंग चोरून, मशीनशेजारी जमिनीवर बसला.

"एक सांगायचंय. सांगायला उशीर करायचा नाही, असं ठरलंय आपलं."

"सांगा."

"मला तुमच्याशी लग्न करायचंय."

तिने मशीनचं चाक हाताने थांबवलं. एवढे दिवस जे ऐकायला ती आसुसली होती, ते ऐकलं, आणि तिला रडू फुटलं. "मलाही तुम्ही हवे आहात. त्या पहिल्या चुणीपासून. पण तुमची खोली जिना चढून वर… गुंडीला नवं घर आता पाठ होणार नाही हो. आणि तिला सोडून मी—"

"तुम्ही कुठे येताय? मी येतोय इकडे."

ती बघत राहिली. "लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. सामान म्हणाल तर एक ट्रंक आहे. ती कुठे ठेवायची तेवढं सांगा. गुंडीच्या वाटेत नको."

तेवढ्यात गुंडी पाण्यासाठी उठली. टेबलाचा पाय ओलांडला, मशीनपाशी वळली आणि थबकली. इथे कधीच काही नसायचं. तिने त्याचा गुडघा हुंगला, मग हात, मग पुन्हा गुडघा. शेपटी एकदा हलली, आणि पाणी विसरून तिने हनुवटी त्याच्या पावलावर टेकली.

"आता रोज इथेच बसायचं," शिवणवाली डोळे पुसत म्हणाली. "तिने जागा पाठ केलीय. आता हलायचं नाही."

"ऐकलं," तो म्हणाला.