श्वासाच्या खुणा

ऐकताना मध्येमध्ये ‘हं’ म्हणत राहा बरं. कोणी अगदी गप्प बसलं की हल्ली मी त्याचा श्वास ऐकू येतोय का बघत बसतो.

माझं काम तुम्हाला माहीतच आहे. गाण्यांचं नोटेशन छपाईसाठी कॉम्प्युटरवर मांडून देतो. त्या दुपारी शेजारच्या काकू आल्या, काकांनी रचलेलं शेवटचं गाणं पेन ड्राइव्हवर घेऊन. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. फाइल त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममधली, छापखान्याला हवी नव्या प्रोग्रॅममधली. एवढंच काम.

"घाई नाही रे... पण माझ्या... डोळ्यांदेखत होऊ दे," काकू म्हणाल्या.

काकूंची फुप्फुसं नावालाच उरली होती. दोन-तीन शब्द झाले की थांबायच्या. गायच्या मात्र अजून, कारण काका सुरांच्या ओळीवर जागोजागी स्वल्पविरामासारखी बारीक खूण करून ठेवायचे. इथे श्वास घे. "हिचा दम माझ्या खिशात असतो," असं चिडवायचेही.

फाइल बदलताना असल्या खुणा हमखास गळतात. म्हणून काकांनी पूर्वी काढलेल्या प्रिंटशी ताडून पाहिलं. सगळ्या आल्या होत्या, फक्त शेवटच्या पानावर एकही नव्हती. प्रिंटवर तर होत्या. मी हाताने भरल्या, फाइल सेव्ह केली, पुन्हा उघडली. नाहीत. पुन्हा भरल्या. पुन्हा गायब! वैतागून म्हटलं, बघू तरी ऐकून.

कॉम्प्युटर बासरीच्या आवाजात गाणं वाजवू लागला. पडद्यातून पिवळं ऊन झिरपत होतं. कुठूनसा काकांच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास आला. काकू डोळे मिटून गुणगुणायला लागल्या. खुणेची जागा आली की श्वास घ्यायच्या, आणि त्याच क्षणी स्पीकरमधूनही कोणीतरी श्वास घेत होतं... कॉम्प्युटर सूर वाजवतो हो, श्वास नाही. पण सगळं इतकं गोड, सुस्त वाटत होतं की मला जागचं हलावंसंच वाटेना.

शेवटचं पान सुरू झालं. काकू गात राहिल्या. गातच राहिल्या. त्यांचे ओठ निळे पडले तेव्हा कुठे मी भानावर आलो आणि वायरच खेचली.

"काकू, श्वास घ्या!"

त्यांनी घेतला, आणि ढसाढसा रडायला लागल्या. "का थांबवलंस... हे म्हणत होते... आता श्वास घ्यावा... लागणार नाही..."

मी पाणी दिलं, शेजारी बसून राहिलो. जाताना त्यांनी नव्या प्रिंटसाठी हट्टच धरला. मग मी शेवटच्या पानावर सगळ्या खुणा पेनाने, चांगल्या ठसठशीत काढून दिल्या. शाई काय कुठे जाते, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. काकूच.

"अरे तुझ्या पेनाच्या खुणा काही राहिल्या नाहीत बघ पण तू जिवाला लावून घेऊ नकोस मी सबंध गाणं म्हटलं शेवटपर्यंत म्हटलं आणि ह्यांनाही आवडलं आता खुशाल छापायला दे आणि वेळेवर जेवत जा किती वाळलायस आणि ती वायर नीट बसवून घे आणि..."

त्या बोलत होत्या. मी फोन कानाशी घट्ट धरून एकाच गोष्टीची वाट पाहत होतो. काकू मध्ये श्वासासाठी एकदाही थांबल्या नाहीत.

अहो, ‘हं’ म्हणा की.